इंजिन दाखवायला नेलं

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या दोन-तीन वर्षं आधी मी शुक्रवार पेठेतल्या एका खासगी इंजिनिअरिंग शाळेत पहिल्या वर्षाला शिकवत होतो. शिकवत कसला, पोरं गळताना बघत होतो. वर्षभर कानशीनं लोखंडाचा ठोकळा घासायचा, एवढाच त्यांचा अभ्यास. शाळेत एक ऑइल इंजिन होतं, पण ते चादरीखाली झाकलेलं. पहिल्या वर्षानं त्याला हात लावायचा नाही असा नियम होता.

"आधी हाताला वळण लागू दे," मुख्याध्यापक म्हणत. "गळतात ते गळायच्याच लायकीचे." हे ते इतक्या समाधानानं म्हणत, की माझं डोकं फिरायचं.

सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाचा मुलगा वर्गात होता. तसा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मी फळ्यावर पंप काढला की हा विचारी, "मास्तर, ही झडप उलटी बशिवली तर पानी कुटं जाईल?" दिवाळीनंतर तोही कुरकुरू लागला. "ठोकळंच घासायचं तर आमची मेंढरं काय वाईट हाईत?" काही झालं तरी याला जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

म्हणून एका शनिवारी सगळा वर्ग एका गिरणीचं इंजिन दाखवायला नेला. ते अजस्र चाक फिरताना पाहून पोरं कठड्याशी दाटी करून उभी राहिली. मेंढपाळाचा पोरगा तर तिथून हलायलाच तयार नव्हता. मला वाटलं, जिंकलो.

सोमवारी निम्मी बाकं रिकामी. गिरणीच्या इंजिनखात्याला पुसायला, तेल घालायला माणसं हवीच होती. मुकादमानं विचारलं आणि पोरं चिकटली, तोही त्यांच्यातच. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. त्या हसण्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढं वर्षभरानं तो गिरणीच्या फाटकाशी भेटला. कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले, चेहरा खुललेला. रस्त्यातच पाया पडला.

"तुमच्यामुळं लागलो की, मास्तर! लई उपकार झालं."

"इंजिन आतून बघितलंस का रे कधी?"

"न्हाय बा. आमी भायेरनं पुसतो." आणि मग, मला ठाऊक नसेल अशा समजुतीनं त्यानं सावकाश सांगितलं, "उघडायचं म्हंजी त्याला शिकलेला मानूस लागतो, मास्तर."