सुटलेला ठिपका

दसरा होऊन गेला होता, दिवाळीच्या फराळाला अजून अवकाश होता. अशा मधल्या दिवसांत आमच्या पंचवटीच्या भजनी मंडळानं एका दिवसाची सहल काढली. निफाडकडच्या खेड्यांत जायचं आणि कलाकार मंडळींचं काम त्यांच्याच घरी बघायचं. यादीत शेवटी माझ्या धाकट्या जावेचा मळा होता. खरं सांगते, ते वाचलं आणि माझे गुडघे दुखायला लागले. पण न जावं तर बायका कारण विचारणार. गेले.

आधी कुंभाराकडे थांबलो. तिथं मी अगदी छान होते. पणत्यांचं कौतुक केलं, चाकावर हात ठेवून खिदळले. परक्याचं कौतुक करायला काय लागतं?

मग जावेकडे. द्राक्षाची छाटणी नुकतीच झालेली, बाग सगळी बोडकी. तिनं बेदाण्याच्या जुन्या शेडचा स्टुडिओ केलाय. उत्तरेला माणसाएवढी खिडकी, मधोमध एक स्टूल, आणि चारही भिंतींवर तिची चित्रं, सगळी ठिपक्यांच्या रांगोळीचीच.

चाळीस वर्षं मी दारात उकिडवी बसून रांगोळी काढतेय. दुपार व्हायच्या आत कुणाची तरी स्कूटर तिच्यावरून जाते. आणि हिची भिंतीवर! लग्न होऊन आली तेव्हा हिला ठिपक्यांची ओळ सरळ येत नव्हती हो. चिमूट कशी सोडायची ते मी शिकवलं.

चित्रं बघत चालले होते आणि थबकलेच. प्रत्येक चित्रात कोपऱ्याशी एक ठिपका एकटाच बाहेर. तो माझा ठिपका! माझी आई म्हणायची, एक ठिपका न जोडता सोडावा, रांगोळीला दृष्ट लागत नाही. आईनं मला दिला, मी हिला.

आमच्यातल्या एकीनं नेमकं विचारलं, "हा ठिपका असा बाजूला का हो?"

जाऊ हसली. "ते आमच्या अक्कांना विचारा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. तिनं आपणहून मला मान दिला होता. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"काय की बाई. चुकून राहिला असेल."

बायका हसल्या. जाऊ चहा आणायला गेली. माझ्या कपात साखर बरोब्बर अर्धा चमचा, मला लागते तेवढीच. ते तर जास्तच झोंबलं. परतताना गाडीत सगळ्यांनी भजनं म्हटली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकला, ठिपके काढले, जोडत आले. शेवटचा सोडायची वेळ आली आणि हात अडला. तशाच रांगोळीच्या बोटांनी तिला फोन लावला.

"चुकून नव्हता राहिला तो," मी म्हटलं.

"मला ठाऊक नाय का, अक्का? काल लय कडक नजर होती तुमची. ठिपका होता म्हणून चित्रं वाचली."

मेली! हसू आलं आणि डोळेही भरले. ठिपका बाहेर सोडला आणि उठले.

पण ती उत्तरेची खिडकी... ती मला अजून हवीय.