पंधरावं अक्षर

मंगळवारी दुपारी दवाखान्याने माझ्या सासऱ्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. ते बसने मद्रासमधल्या मैलापूरला घरी आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि मला म्हणाले, "सूनबाई, चूक माझी झाली." ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी पाणी आणून दिलं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. ते एका धर्मादाय दवाखान्यात रोग्यांची कार्डं सांभाळणारे कारकून होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दवाखान्याला देणगीत एक कपाटाएवढा संगणक मिळाला. तो कोणालाच चालवता येईना. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाने त्याची पुस्तकं घरी आणली आणि ओळीखाली पट्टी धरून वाचून काढली. दोन वर्षांत त्यांनी रोग्यांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला. आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं त्यांनी केलेलं हे एकच काम. निवृत्तीनंतरही दवाखान्याने त्यांना त्यासाठीच ठेवून घेतलं होतं, आणि ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून जात.

त्यांचं मराठी तंजावरचं. मी सांगलीची, आमच्या घरात शुद्धलेखनाला देवाच्या खालोखाल मान होता. ते "काम करून सोडलें" म्हणाले की मी म्हणायचे, "मामंजी, करून टाकलं." ते म्हणायचे, "सरी," म्हणजे बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून सोडायचे. हा त्यांचा हट्ट आहे असं मला वाटे. तीन पिढ्या मद्रासमध्ये आणि त्याआधीच्या कित्येक तंजावरात काढलेल्या घराण्यातल्या माणसाला सांगलीहून आलेल्या मुलीने मराठी शिकवावं, यात मला तेव्हा काहीही विनोदी दिसत नव्हतं.

मी एका संगणक बनवणाऱ्या कंपनीत होते आणि माझं काम कर्नलमध्ये होतं. यंत्राच्या पोटात बसून बाकी सगळ्या प्रोग्रामना ताब्यात ठेवणारा जो मूळ प्रोग्राम, तो कर्नल. सासूबाई शेजारणीला सांगत, आमची सून कर्नलकडे कामाला आहे. शेजारणीने एकदा मला जिन्यात अडवून विचारलं, "स्वभावाने कसे आहेत गं कर्नलसाहेब?"

"ऐकून घेतात," मी म्हटलं, "पण आधी नंबर सांगावा लागतो."

तिला ते पटलं. लष्करातली माणसं तशीच असतात, म्हणाली.

नंबराचं ते खरंही होतं. कुठल्याही प्रोग्रामला डिस्कला स्वतः हात लावता येत नाही. फाइल उघडायची तरी कर्नलला विनंती करावी लागते, आणि प्रत्येक विनंतीचा क्रमांक ठरलेला असतो. याला सिस्टीम कॉल म्हणतात. जुन्या यंत्रांतला कर्नल एक होता, आमच्या नव्या यंत्रातला दुसरा. क्रमांक वेगळे, विनंती ठेवायची जागा वेगळी, नकार द्यायची रीत वेगळी. ग्राहकांचे प्रोग्राम मात्र जुन्याशीच बोलायला शिकलेले. म्हणून आमच्या कर्नलमध्ये एक थर बसवायचा होता. जुना प्रोग्राम आला की त्याला ओळखायचं, त्याची विनंती जुन्या रीतीने समजून घ्यायची, काम नव्या रीतीने करायचं, आणि उत्तर पुन्हा जुन्या रीतीने द्यायचं. आपण दुसऱ्याच्या घरी आलो आहोत हे त्या प्रोग्रामला समजता कामा नये. जाहिरातीच्या पत्रकावर आमच्या विक्री विभागाने छापलं होतं, 'तुमच्या जुन्या प्रोग्रामला काही कळणारही नाही.' विक्री विभागाला स्वतःलाही कधी काही कळत नसे, तेव्हा हे वाक्य त्यांनी अनुभवातून लिहिलं असावं.

फाइलच्या नावांच्या विनंत्या माझ्याकडे होत्या. शेजारच्या टेबलावर एक तमिळ सहकारी बसे. कमी बोलणारा, आणि बोलला की बहुधा बरोबर असलेला. म्हणून तो मला आवडत नसे. एके दिवशी खुर्ची वळवून तो म्हणाला, "मॅडम, जुना कर्नल चौदा अक्षरांनंतर नाव कापतो. आपणही कापायचं ना?"

"पुस्तकात तसं लिहिलंय?"

"पुस्तकात इतकंच आहे की नाव चौदा अक्षरांपर्यंत असावं. जास्त दिलं तर काय होतं ते लिहिलेलं नाही. पण तो कापतो. गुपचूप."

"मग तो वेंधळेपणा आहे. नव्या यंत्रात लांब नावं ठेवता येतात. वेंधळेपणाची नक्कल मी करणार नाही."

"नक्कल करायचाच तर पगार मिळतो, मॅडम."

मी वाद विभागप्रमुखांकडे नेला. हे गृहस्थ कोणताही कागद शेवटच्या पानावरून उघडत आणि तिथे सही करायची जागा आहे का पाहत. ते म्हणाले, "न कापण्यासाठी किती कोड लागतो?" मी म्हटलं, काहीच नाही. "गुड," ते म्हणाले. एवढ्यावर प्रश्न सुटला. मला वाटलं, मी एका चुकीची परंपरा मोडली.

मग आम्ही तपासणी केली. तपासणीसाठी ज्या फाइली बनवल्या त्यांची नावं 'ए', 'बी' आणि 'टेम्प' अशी होती. ज्या शहरात माणसाचं नाव दारावरच्या पाटीत मावत नाही, त्या शहरात बसून आम्ही सात शहाणी माणसं एका अक्षराच्या नावांवर यंत्र तपासत होतो. सगळं पास झालं. विभागप्रमुखांनी पेढे वाटले.

मामंजींच्या प्रोग्रामची मेख मला नंतर समजली. आधी समजून घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. त्यांनी प्रत्येक आद्याक्षरासाठी एक खण केला होता आणि खणात रोग्याच्या नावाची फाइल. आता बालसुब्रमणियन हे नाव घ्या. काही त्याच्या शेवटी 'न' लिहितात, काही 'म'. एकाच घरात थोरला न आणि धाकटा म असतो. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर न आणि रेशनकार्डावर म असतो. दवाखान्याच्या खिडकीवर पूर्वी यावरून रोज खोळंबा होई.

"न की म, सार?"

"तुमच्याकडे मागच्या वेळी काय लिहिलं होतं?"

"तेच तर शोधायचं आहे. तुम्ही सांगा, न की म?"

"तुम्हाला जे सापडेल ते लिहा."

इंग्रजीत हे नाव पंधरा अक्षरांचं. चौदा अक्षरं सगळ्यांची सारखी, भांडण फक्त पंधराव्याचं. आणि जुना कर्नल चौदानंतर कापत असे. मामंजींनी हे पाहिलं होतं. खिडकीवरचा कारकून 'न' टाइप करो की 'म', फाइल एकच उघडे, आणि आत वय आणि वडिलांचं नाव पाहून माणूस सापडे. याहून लांब नावांचंही तसंच. ज्याला मी वेंधळेपणा म्हटलं होतं, त्याच्या भरवशावर दवाखान्यातलं एकही कार्ड सहा-सात वर्षांत हरवलं नव्हतं.

दवाखान्याने नवं यंत्र आमच्याच कंपनीचं घेतलं. आग्रह मामंजींचा, सुनेची कंपनी म्हणून. यंत्र यायच्या आधी एकदा सकाळी कॉफी पिताना त्यांनी मला विचारलं होतं, "सूनबाई, नांव लांब असलें तर तुमचा कर्नल काय करतो?"

मी पेपर वाचत होते. "मामंजी, सगळं जसंच्या तसं चालेल. तेच तर आमचं काम आहे."

"नाहीं, मी म्हणतों तें शेवटचें अक्षर..."

"तुमच्या प्रोग्रामला काही कळणारही नाही," मी म्हटलं. पत्रकातलं वाक्य. विक्री विभागाला मी वर्षभर हसत होते, आणि घरच्या माणसाला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्यांचंच वाक्य तोंडावर फेकलं.

"सरी," ते म्हणाले.

शनिवारी जुन्या डिस्कवरच्या फाइली नव्या यंत्रात उतरवल्या. सोमवारी खिडकी उघडली. जुन्या डिस्कवरची नावं चौदा अक्षरांवर कापलेली होती. प्रोग्राम आता पूर्ण पंधरा अक्षरांनी फाइल मागू लागला, आणि माझा थर ती मागणी इमानदारीने जशीच्या तशी आत पोचवू लागला. अशी फाइल नाही, कर्नल म्हणाला. नाही तर नवी कर, प्रोग्राम म्हणाला. मेरी, राजू आणि इब्राहिम यांची कार्डं निघाली. ज्यांची नावं लांब होती ते सगळे एका सकाळीत नवे रोगी झाले, त्यांना पूर्वी काही आजार नव्हता, काही औषध चाललेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या रोग्याला नर्स पेनिसिलिनचं इंजेक्शन देणार होती. कार्ड कोरं होतं. त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "ते नको, अम्मा, त्याने मी एकदा मरता मरता वाचलोय." त्याला आठवत होतं म्हणून वाचला.

दुपारी दवाखान्यातून कंपनीत फोन आला. सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. विभागप्रमुखांनी मात्र मला बोलावलं. ते माझ्या सासऱ्यांचं काम आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. "पुस्तकात नाही ना हे? मग दोष त्यांच्या प्रोग्रामचा. तसं पत्र लिहा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

माझं इंग्रजी खरोखर चांगलं होतं. पत्रात मी लिहिलं की संबंधित प्रोग्राम पुस्तकात न सांगितलेल्या वर्तनावर विसंबून असल्यामुळे त्यात मुळातच दोष आहे. 'मुळातच' हा शब्द मी स्वतःहून घातला. त्याशिवाय वाक्याला तोल येत नव्हता. ते पत्र मंगळवारी सकाळी दवाखान्यात पोचलं आणि मामंजींना वाचायला दिलं गेलं.

म्हणून ते दुपारी घरी आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पुस्तकांत नाहीं त्यावर मी भरंवसा ठेवला. पत्र लिहिणाऱ्याने नीट लिहिलें आहे." मग विचारलं, "तुझ्या ओळखीचा आहे का तो?"

"मोठी कंपनी आहे, मामंजी," मी म्हटलं.

पुस्तकात लिहिलेलं तर कोणीही पाळेल. जुन्या कर्नलची नक्कल करायची म्हणजे त्याने न लिहिता जे वर्षानुवर्षं केलं तेच करायचं. त्या कामाला दुसरा अर्थच नव्हता. हे मला ते पत्र लिहितानाही कळत होतं. तीन आठवड्यांनी मी अकरा ओळी लिहिल्या. जुन्या प्रोग्रामकडून आलेलं नाव चौदा अक्षरांवर कापायचं आणि काही बोलायचं नाही. सहकाऱ्याने त्या तपासल्या. या वेळी तपासणीतलं पहिलं नाव बालसुब्रमणियन होतं. पुढच्या सगळ्या ग्राहकांना तो थर मिळाला आणि कोणाचीही तक्रार आली नाही. दवाखान्याने तोपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी प्रोग्राम बसवला होता. त्यात न आणि म वेगळे आहेत, असं मामंजींना एका नर्सने रस्त्यात सांगितलं. घरी येऊन त्यांनी ते आम्हाला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून.

त्यानंतर त्यांनी संगणकाचं पुस्तक उघडलं नाही. मी त्यांचं मराठी दुरुस्त करणं बंद केलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण एकदा त्यांनी मुद्दाम "करून टाकलं" असं म्हटलं. मला ते ऐकवलं नाही. पुढच्या वर्षी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर अखेरीला, ते गेले. तेराव्याला दवाखान्यातल्या वृद्ध मेट्रन आल्या होत्या. यांच्या वेळी कार्ड कधी हरवलं नाही, म्हणाल्या. माझा नवरा मोठ्या मनाने म्हणाला, "शेवटी त्यांची एक चूक झाली, पण माणूस प्रामाणिक होता." मी आत जाऊन कॉफीचे पेले भरले.

ती कंपनी बंद झाली, ती यंत्रं भंगारात गेली. सहकारी परदेशात आहे. तो प्रोग्राम कोणाचा होता हे त्याला कधीच समजलं नाही. खरं काय झालं ते पूर्ण माहीत असलेली मी एकटी आहे. नवरा अजून लोकांना त्या एका चुकीबद्दल सांगतो. मी त्याला काही सांगितलेलं नाही.