फोटोपुरती काढलेली शेडनेट

मला याद्यांची सवय आहे. घरातल्या हौदाचीही एक यादी फ्रिजवर लावलेली होती: क्लोरीन, गाळणी, फाटक, शेडनेट काढणे. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. त्यातली एक खूण खोटी होती.

आम्ही लातूरच्या बाहेरच्या वस्तीत राहतो. ह्यांचे गुडघे गेले, डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करा म्हणून सांगितलं आणि घरामागे वीस बाय दहाचा पोहण्याचा हौद बांधला गेला. आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. शेजारणी घागरी भरून ठेवतात, भांड्याचं पाणी झाडांना घालतात. अशा गल्लीत पोहायला पाणी! मी हौदाभोवती लोखंडी कुंपण घातलं आणि त्यावर हिरवी शेडनेट ताणली. कुणी विचारलं तर सांगायचे, धूळ येऊ नये म्हणून. टँकर दुपारी मागवायचा, गल्ली झोपलेली असताना.

तरी शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलंच, "टँकर लई येऊन राहिला तुमच्याकडं?"

"झाडांना लागतं हो."

"दोन लिंबाच्या झाडांना? मग लिंबं नारळाएवढी होतील की!"

मीही हसले.

नांदेडची माझी भाची इंजिनिअर आहे. कारखान्यांची सुरक्षा तपासणं हेच तिचं काम. तिची मुलगी तीन वर्षांची. हौद झाल्याचं कळल्यावर ती म्हणाली, "मावशी, आधी मी बघणार, मगच हिला आणणार." एका रविवारी ती एकटीच टेप घेऊन आली. कुंपणाची उंची मोजली, दोन गजांमध्ये मूठ घालून पाहिली, कुंपणाला टेकवलेली माझी पापड वाळवायची बाज लांब सरकवायला लावली. "पोरं शिडी करतात हिची." फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी वर, तिच्या मुलीचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. हे सगळं तिला पटलं. मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहिली.

"इथून पाणी दिसत नाही. शेडनेट काढ. कुंपण पोरांना अडवायला असतं, पाणी लपवायला नाही."

मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात शेडनेट गुंडाळून वर बांधली, खिडकीतून फोटो काढला, भाचीला पाठवला, यादीत खूण केली आणि शेडनेट पुन्हा खाली सोडली. पाच मिनिटांचं काम. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

उन्हाळ्यात भाची मुलीला घेऊन आली. दाराशीच म्हणाली, "परत लावलीस?" मी म्हटलं, "कालच लावली, धुळीसाठी. संध्याकाळी काढते." दुपारी छोटी हॉलमध्ये ह्यांच्याजवळ झोपली होती. टँकर आला. त्याचा पाइप मी फाटकातूनच आत घेतला. नेहमी तसाच घ्यायचे. पाइप मध्ये असला की फाटक मिटत नाही, हे मला ठाऊक होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पन्हं करत होतो. खिडकीतून हिरवं दिसत होतं, बस.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून वहिनींची हाक आली. "ओ ताई! पोरगी पाण्यात उतरून राहिली! पळा!"

भाची माझ्या आधी पोचली. छोटी दुसऱ्या पायरीवर होती, पाणी छातीला लागलेलं, एक पाय खाली चाचपडत. ह्यांना डुलकी लागली होती, ती उठून आली होती. भाचीनं तिला उचललं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

वहिनी गच्चीवरच उभ्या होत्या. मी वर बघून विचारलं, "तुम्हाला हौद माहीत होता?"

"खड्डा खणला तवापासून. गच्चीवरून सगळं दिसतंय की."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुमीच झाडं म्हणत होता. म्हातारपणी तुमाला खोटं कशाला पाडायचं?"

भाची माझ्याकडे बघत होती.

"फोटोत शेडनेट नव्हती, मावशी. काल लावली म्हणालीस."

"फोटोपुरती काढली होती," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मुलीचे कपडे बदलले आणि चारच्या एसटीनं नांदेडला निघून गेली. मी कात्री घेऊन शेडनेट उतरवली. टँकरचा पाइप आता कुंपणावरून जातो. मागच्या रस्त्यावरून पाणी स्वच्छ दिसतं. लोक थांबून बघतात, मी खाली मान घालून झाडांना पाणी घालते.

भाची दिवाळीत परत आली, एवढा तिचा मोठेपणा. मुलीला पुढच्या दारीच ह्यांच्याजवळ ठेवून ती आधी मागे गेली, फाटक तीनदा उघडून सोडलं, खिडकीतून पाणी पाहिलं. मी यादी हातात घेऊन उभी होते. तिनं ती मागितली नाही.