आतला पडदा सपाट

"घडी कथा शे?"

कुणाचीही वही उघडली की आमचे जीवशास्त्राचे सर मायटोकॉन्ड्रियाच्या आकृतीवर बोट आपटत आधी हेच विचारायचे. घडी कुठे आहे? पोरांनी खाली 'पेशीचे पॉवरहाऊस' लिहून लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या असायच्या. सर म्हणायचे, "ही पाटी झाली. दुकानात माल कुठाय?"

आमचं ज्युनिअर कॉलेज जळगावच्या बाहेर, हायवेला. सर जामनेरहून एसटीने यायचे, तासिका तत्त्वावर. पिशवीत डबल बेडची चादर आणि फराळाचा रिकामा डबा. चादर रोज घरातून पळते म्हणून बायकोची बोलणी खायचे. वर्गात ती चादर टेबलांवर पसरायची, मग पोरांनीच डब्यात बसवायची.

"घड्या घातल्याशिवाय मावली का? बाहेरचा पडदा सपाट, आतला घड्याघड्यांचा. कामगार बसतात ते या घड्यांवर. घड्या जास्त, तर बसायला जागा जास्त. ते प्रोटॉनला पडद्यापलीकडच्या अरुंद फटीत ढकलतात. तिथं दाटी होते. मग प्रोटॉन एका बारीक दारातून परत आत घुसतात, ते दार गरगर फिरतं आणि त्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतो. पडदा फाटला की बठ्ठा, सगळा खेळ खल्लास!"

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना हसायचो. मीही जीवशास्त्राचाच शिक्षक, पण कायम नोकरीतला. माझ्या नोट्स तयार असायच्या, एक मार्काला एक ओळ.

आता खरी घाण सांगतो. आमच्या पटावरची निम्मी पोरं कॉलेजला कधी येतच नाहीत, दिवसभर शहरातल्या क्लासात असतात. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या जर्नलांचा गठ्ठा सहीसाठी येतो. बठ्ठी जर्नलं भाड्याने लिहून घेतलेली, एकाच अक्षरातली. त्या वर्षी लिहिणाऱ्याने घड्या काढायचा कंटाळा केला. सगळ्या मायटोकॉन्ड्रियांचा आतला पडदा गुळगुळीत, शेंगेसारखा.

गठ्ठा सरांपुढे आला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सही करा ना," प्राचार्य म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी बघतोय ना सर. एकातही घडी नाही. ही पेशी जगेल कशावर? आणि या पोरांचं तोंडही मी पाहिलेलं नाही."

"मग जूनपासून येऊ नका."

 सरांच्या घरी दोन मुली शिकत होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग "बरं," म्हणाले आणि चादर पिशवीत भरून एसटी स्टँडकडे गेले.

गठ्ठा माझ्यासमोर सरकला. मला कोण काढणार होतं? एका 'नाही'ने माझं काय डोंबल बिघडणार होतं? तरी चहा पीत पीत मी सगळ्यांवर सही ठोकली. वर प्राचार्यांचं फरसाणही खाल्लं. शी! आजही आठवलं की तोंड कडू होतं, आणि ते प्राचार्यांमुळे नव्हे.

जूनमध्ये सरांना बोलावणं आलं नाही. त्यांचे तास मला मिळाले. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरची, आदल्या वर्षी सरांकडे शिकलेली एक मुलगी उठली. "सर, त्या फटीत प्रोटॉनची दाटी झालीच नाही तर?"

"परीक्षेत येत नाही," मी म्हणालो. "बस खाली."

ती बसली आणि पेन उघडून मी पुढे काय लिहून देतो याची वाट बघू लागली.