बारा आणि सदतीस

गिअरमावशीनं मालकाच्या गाडीच्या टाकीत अर्धा किलो साखर ओतली, असं गल्लीभर झालं होतं. न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर ती साखर दोन किलो झाली, आणि शिंप्याच्या बायकोनं तर मावशीला पिशवी घेऊन जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते खोटं आहे. साखर ओततो तो रागाच्या भरात. मावशीला राग येत नाही, ती डूख धरते. आणि त्या गाडीत तिनं जे बसवलं, ते मालकानं स्वतः सही करून मागून घेतलं होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. बावीस वर्षं एकाच गॅरेजात गिअरबॉक्स बांधते. मागच्या कोपऱ्यात तिचं टेबल, त्यावर जुना टॉवेल, टॉवेलावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेली चक्रं, शेजारी रॉकेलचा डबा. चक्राचे दात ती बोटानं मोजते तेव्हा ओठ हलतात. मध्येच कोणी बोललं तर ती त्याच्याकडे अशी बघते की तो बिचाराही मनातल्या मनात मोजायला लागतो.

गॅरेजच्या मालकाला सगळे पाठीमागं घोडेमालक म्हणतात. कारण गिऱ्हाईक आलं की हॉर्सपॉवरवरून त्याची टकळी सुरू. "म्हणजे बघा, दोनशे ऐंशी घोडे. म्हणजे बघा, घोडे आहेत घोडे." असं म्हणत बॉनेटवर थाप मारायचा आणि थोडा थांबायचा, जणू आतून खिंकाळी येणार.

तीन वर्षांपूर्वी डोंगराच्या चढावर गाड्यांची शर्यत झाली. गॅरेजची गाडी ताकदीनं सगळ्यांत कमी, तरी पहिली आली. मावशीनं गिअर असे बांधले होते की प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिन ऐन जोरात असायचं. बक्षीस घेताना कोणीतरी विचारलं, गिअरबॉक्स कोणाचा? "म्हणजे बघा, डोकं आपलं," मालक म्हणाला. "बाई आहेत एक, नट आवळतात." बाई चार पावलांवर उभ्या होत्या, हातात पाना. त्या दिवशी मावशी घरी आली, जेवली, झोपली, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली. आईला वाटलं, विसरली. आईला आपली बहीण अजून कळलेली नाही.

यंदा मालकानं तळघरात नवं शोरूम काढलं. गाडी बाहेर काढायला एकच रॅम्प, छातीवर येणारा, आणि खाली काटकोनात वळण, म्हणजे धाव घेऊन चढायची सोय नाही. उद्घाटनाला त्याची लाडकी गाडी त्यानं स्वतः चालवत वर आणायची होती. त्यासाठी मोठा टर्बो बसवून घोडे साडेतीनशेवर नेले. शिवाय हुकूम सुटला, की पहिल्याच गिअरमध्ये गाडी शंभरनं पळाली पाहिजे.

इथं मावशीच्या बाजूनं सांगायला हवं, की तिनं त्याला तीनदा समजावलं. हे घोडे वर पळतात, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली या इंजिनात दम नाही. जागेवरून उठायला ओढ लागते, आणि चाकाला ओढ मिळते ती दातांच्या हिशोबानं. आत्ता नऊ दातांचं चक्र एकेचाळीस दातांचं चक्र फिरवतंय, म्हणजे ओढ साडेचारपट होते. बारानं सदतीस फिरवलं तर जेमतेम तिप्पट. वेग वाढेल, पण ओढ जाईल.

"गंजलेला नट लांब पान्यानं सुटतो, मालक," ती म्हणाली. "तुम्ही पाना कापायला सांगताय."

"बाई, तुम्ही दात मोजा. अक्कल आम्ही लावू."

सगळ्या गॅरेजसमोर बोलला हे. मावशीनं शांतपणे कामाचं कार्ड पुढं केलं, एवढं लिहून द्या म्हणाली. त्यानं बारा आणि सदतीस लिहिलं, सही ठोकली, सहीखाली रेघ ओढली. मावशीनं कार्डाची घडी घालून खिशात ठेवली. त्या दिवशी तिनं दोनदा वाढून घेतलं.

जेवताना मीच पैज लावली. म्हटलं, गिअरबॉक्स तू बांधतेस हे तो माणूस मेला तरी चारचौघांत सांगणार नाही. "सांगेल," मावशी म्हणाली. "इंजिन गार व्हायच्या आत सांगेल." कसं ते विचारलं तर म्हणे, घोडामैदान लांब नाही.

मग तिनं आयुष्यातला सगळ्यात सुबक गिअरबॉक्स बांधला. कुठं करकर नाही, कुठं केसभर फट नाही. सांगितलं तसं, दातांसकट.

उद्घाटनाला रॅम्पच्या वर गर्दी जमली. मालकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याच्या कॉलरला माइक अडकवला होता आणि वर कर्णा लावला होता. गाडीत तीन वजनदार पाहुणे, सगळ्या अर्थांनी. गाडी वळणापाशी आली, चढाला लागली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्यानं इंजिन असं गुरकावलं की क्लचचा धूर वरपर्यंत आला, आणि गाडी अलगद मागं जाऊन खांबाला टेकली. कर्ण्यातून "म्हणजे बघा" एवढंच आलं.

मागच्या पाहुण्यानं विचारलं, गिअरबॉक्स कोणी बांधलाय हो हा?

"बाईंनी," मालक म्हणाला. "सगळे गिअरबॉक्स त्याच बांधतात, बावीस वर्षं. मी हातसुद्धा लावत नाही."

कर्णा चांगला होता. पलीकडच्या चौकात ऐकू गेलं.

श्रेय द्यायला ज्याची जीभ जड, ती दोष द्यायला लोण्यासारखी घसरते, हे मावशीला तीन वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. ती रॅम्प उतरून खाली गेली आणि खिडकीत वाकली, बरोबर कॉलरच्या उंचीवर.

"हो, मीच बांधते. शर्यतीतलासुद्धा मीच बांधला होता ना, मालक?"

पाहुणे बघत होते. "हो," मालक म्हणाला.

मावशीनं घडी उलगडली. "आणि हे बारा-सदतीस कोणाचं?"

रेघ ओढलेली सही नाकारणार कशी. "माझं."

मग मावशी वर आली आणि तिनं सामान आणायचा टेम्पो काढला, पंचेचाळीस घोड्यांचा, एक आरसा तारेनं बांधलेला. गाडीला दोर लावला. पाहुणे उतरून चालत निघाले, मालकाला मात्र स्टिअरिंग धरून बसावंच लागलं. पहिल्या गिअरमध्ये, इंचाइंचानं, मावशीनं त्याला वर ओढलं. काठी टेकत चढणारे एक आजोबा त्याला मागं टाकून पुढं गेले. टेम्पो दुसऱ्या गिअरलाही चढला असता, हे तिनं नंतर कबूल केलं. पण घाई कसली होती?

पैज मी हरले. बोली अशी होती, की हरणाऱ्यानं महिनाभर जिंकणारा सांगेल ते करायचं. तेव्हापासून रोज जेवण झालं की मला मालक व्हावं लागतं. "म्हणजे बघा"पासून सुरू करायचं आणि "मी हातसुद्धा लावत नाही" इथवर यायचं. तिथं मावशी डोळे मिटते आणि म्हणते, पुन्हा, पण सावकाश. आज एकोणिसावा दिवस. माझा घसा बसलाय, तिचं पोट भरलेलं नाही.