इस्त्री लावू का?

खराडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये वीज जात नाही. गेलीच तर खालचा जनरेटर लगेच सुरू होतो. तरीही इस्त्रीचं बटण दाबण्याआधी माझा हात थबकतो. भिंतीपलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणेल असं वाटतं. कुणी म्हणत नाही, आणि ते अजूनही लागतं मला.

तेव्हा आम्ही वारज्यात राहायचो. पत्र्याच्या छताच्या खोल्यांची रांग, दोन घरांत मिळून एकच भिंत. शेजारच्या काकांची कंपनी बंद पडली. शहरात नव्या कंपन्या येत होत्या म्हणे, पण त्यांना हवी होती ती माणसं वेगळी. काकू ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या, त्यावर घर चाललं होतं. बिल थकत गेलं आणि ऐन लग्नसराईत वायरमन येऊन त्यांची वीज तोडून गेला. काकूंचं मशीन मोटरवर चालायचं. ते बंद म्हणजे चूल बंद, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आईनं त्याच संध्याकाळी आमच्या बोर्डातून एक वायर काढली आणि भिंत नि पत्र्यामधल्या फटीतून पलीकडे सोडली. हे नियमात बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. काकूंनी पलीकडून वायर धरली.

"वैनी, बिलाचं कसं करायचं?"

"आधी तुमची थकबाकी भरा. माझ्या बिलाची काळजी करायला मी आहे," आई म्हणाली.

अडचण एकच होती. आमची इस्त्री आणि त्यांचं मशीन एकदम चाललं की फ्यूज उडायचा. म्हणून काकू दर वेळी भिंतीवर टकटक करून विचारायच्या, "वैनी, मशीन लावू का?" आवाज इतका बारीक, की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

काही दिवसांनी आईनंही तेच सुरू केलं. इस्त्री हातात घ्यायची, भिंतीवर टकटक करायची आणि विचारायचं, "अहो, इस्त्री लावू का?" मी तेव्हा कॉलेजात होते, तोंडाला लगाम नव्हता. "वीज आपली, बिल आपलं, आणि परवानगी त्यांची?"

"मग काय रोज तिनं एकटीनंच विचारायचं?" आई म्हणाली.

काकू कायम "लावा की" म्हणायच्या आणि पलीकडे मशीन लगेच थांबायचं. मग माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूची सकाळ उजाडली. ओढणी चुरगळलेली, बसची वेळ झालेली. आईनं टकटक केली.

"थांबा ओ जरा," पलीकडून आवाज आला. "काम हाय. एवढी बाही होऊ द्या."

आई इस्त्री धरून उभी राहिली. मी धुसफुसत होते आणि ही बाई चक्क हसत होती. "आज नाही म्हणाली," ती हळूच म्हणाली. "बरं झालं."

पुढे थकबाकी फिटली, काकूंची वीज जोडली गेली. त्यांनी वायर पुसून, नीट गुंडाळून आणून दिली. त्या संध्याकाळी इस्त्री घेताना आईचा हात सवयीनं भिंतीकडे गेला आणि मध्येच राहिला. मलाही करमत नव्हतं, पण ते कबूल कसं करायचं?

आता आई नाही. काकू वाघोलीला लेकाकडे असतात. नजर कमी झाली, मशीन कधीच विकलं. परवा सकाळी त्यांचा फोन आला. बोलणं झाल्यावर मी म्हटलं, "ठेवते काकू, इस्त्री करायचीय, ऑफिसची गाडी येईल."

पलीकडून काकू म्हणाल्या, "थांब जरा. एवढी बाही होऊ दे."

खाली गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. काकू "लाव आता" म्हणेपर्यंत मी बटण दाबलं नाही.