दामलेकाकांची हिरवळ

हिवाळ्यात सकाळी दामलेकाकांकडे गेलं, की "ये" ऐकू येण्याआधी "थांब!" ऐकू यायचं. "लॉनवर दंव गोठलंय. पाय दिलास की पातं मोडतं. कडेकडेनं ये." मग आम्ही पाहुणे चोरासारखे कुंपण धरून दारापर्यंत पोचायचो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी कॅनबेराला आलो, तेव्हा काका दोन घरं पलीकडे राहत. मूळचे पुण्याचे, इंजिनिअर. त्यामुळे मतं दोन्हीकडून पक्की. आमच्या रस्त्यावर घरोघरी कूच नावाचं गवत होतं. कूच म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. थंडी पडली की ती तपकिरी होते, ती पार वसंत संपत येईपर्यंत. काकांनी ती खणून काढली आणि थंडीत हिरवं राहणारं फेस्क्यू पेरलं. "हवा बघून गवत निवडावं. आपल्या हट्टापायी हवा बदलत नसते," असं ते येईल त्याला ऐकवायचे. समोरच्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "डू यू पेंट इट, मेट?" त्यावर काका दोन दिवस हवेत होते.

काकूंचं मागणं एवढंसं होतं. "अहो, एका कोपऱ्यात ठेवा ना थोडी. दूर्वा घरच्या होतील."

"हरळीला कोपरा कळत नाही. आज वीतभर दिलीस तर उद्या अंगण मागेल. आणि तुझ्या गणपतीत इथं थंडीच असते. वाळलेलीच असणार ती."

काकू वाद घालत नसत. दरवर्षी फेस्क्यूची पाती खुडून जुडी बांधायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायच्या. मला त्यांची चिकाटी गमतीची वाटायची.

एका उन्हाळ्यात काकू अचानक गेल्या. तेरावं झालं आणि पुढच्या शनिवारी बघतो तर काका कुदळ घेऊन लॉनच्या मधोमध. कोपऱ्यात नाही, मधोमध! समोरच्या म्हाताऱ्याकडून हरळीच्या मुळ्या मागून आणल्या होत्या. तिनं उन्हाळाभर छान जोर धरला. पुढे थंडी पडायला लागली, तसे काका संध्याकाळी तिच्यावर जुनी चादर घालायला लागले.

गणपतीच्या दिवशी गेलो, तर काका बाहेर उभे होते. चादर बाजूला पडलेली. खाली हरळी, चहाच्या चोथ्यासारखी.

"बघ," ते म्हणाले, "बरोबर होतो की नाही मी?"

"होतात, काका."

ते वाकले आणि चादरीची घडी घालायला लागले.

"लावू द्यायला हवी होती रे तिला. वाळली असती, तर दोघांनी मिळून बघितली असती."